चाचणी धाराशिवला सिद्ध झाली, अंथुर्ण्याला कधी येणार?

दिवाळी सरली की बारामती-इंदापूर रस्त्याचं रूप पालटतं. उसाने भरलेले ट्रॅक्टर भवानीनगरच्या कारखान्याकडे निघतात आणि अंथुर्ण्याच्या आसपासच्या मोकळ्या रानांत ऊसतोड टोळ्यांच्या कोप्या उभ्या राहतात. बीड, धाराशिवकडून आलेली ही कुटुंबं पुढचे चार-पाच महिने इथलीच होतात. त्यांची दुखणीही त्यांच्यासोबत येतात आणि तोडणी आटोपल्यावर, दिवेलागणीला, आमच्या दवाखान्याच्या पायरीवर येऊन बसतात.

मागच्या हंगामात भूम तालुक्यातली एक बाई जावेला सोबत घेऊन आली. वय ३२, तीन मुलं. अंगावरून पांढरं जातं, कंबर दुखते, एवढीच तक्रार. पण तिच्याजवळ प्लास्टिकची एक फाइल होती. गावाकडच्या एका दवाखान्यात सोनोग्राफी करून तिला गर्भपिशवी काढून टाकायला सांगितलं होतं. ‘‘नाही काढली तर कॅन्सर हुतोय म्हणले, डॉक्टर. पुढच्या उचलीतून पैसे घ्यायचं ठरवलंय.’’ कॅन्सरची कोणती तपासणी केली होती का, असं मी विचारलं. दोघी एकमेकींकडे पाहत राहिल्या. फाइलमध्ये सोनोग्राफीचा कागद आणि शस्त्रक्रियेच्या खर्चाचा अंदाज होता. बाकी काही नव्हतं.

तिला बारामतीला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. साधा जंतुसंसर्ग निघाला, औषधांनी गेला. पिशवी जागच्या जागी आहे.

ही गोष्ट सांगण्याचं कारण म्हणजे तिचा जिल्हा. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत कसा ओळखावा, या प्रश्नाचं जगाने मान्य केलेलं एक भक्कम उत्तर ज्या गावांनी दिलं, ती गावं याच बाईच्या धाराशिव जिल्ह्यातली. उत्तर जगभर पोहोचलं. तिच्यापर्यंत मात्र पोहोचली ती नुसती भीती.

आधी थोडा इतिहास. आपल्याकडून फार दूर नसलेल्या बार्शीत १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तीन तालुक्यांतली गावं तिच्या कक्षेत होती. खेड्यात रुग्ण आपणहून दवाखान्यात येईल आणि मग त्याची नोंद करू, असं म्हणून भागणार नव्हतं. म्हणून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी बोलले, कोणती लक्षणं अंगावर काढू नयेत हे समजावत राहिले. काही वर्षांतच असं दिसलं की गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा लवकरच्या टप्प्यात दवाखान्यात येऊ लागले आहेत. नुसत्या बोलण्यानेही फरक पडतो, हा त्या कामाचा पहिला धडा.

पुढचा प्रश्न मोठा होता. लक्षणं दिसण्याआधीच आजार पकडायचा तर कोणती चाचणी वापरावी? त्यासाठी १९९९ मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठी चाचपणी सुरू झाली. बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय, मुंबईचं टाटा स्मारक केंद्र आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ स्त्रिया तिच्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडले आणि कोणत्या गटाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसं ठरवलं. एका भागातल्या स्त्रियांची एचपीव्ही या विषाणूसाठी चाचणी झाली, दुसऱ्या भागात पेशी काचेवर घेऊन तपासल्या, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला सौम्य ॲसेटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. चौथ्या भागात नेहमीची जी काही सोय होती तेवढीच राहिली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये निष्कर्ष छापून आले. एचपीव्ही गटातल्या ३४,१२६ स्त्रियांपैकी ३९ जणींचा कर्करोग पुढच्या टप्प्यात गेल्यावर सापडला, ३४ जणी त्याने दगावल्या. चाचणी न झालेल्या ३१,४८८ स्त्रियांमध्ये हेच आकडे ८२ आणि ६४ होते. म्हणजे आयुष्यात एकदाच केलेल्या एका चाचणीने मृत्यूचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. बाकीच्या दोन पद्धतींत असा ठोस फरक दिसला नाही.

यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. गर्भाशयमुखाचा कर्करोग जवळजवळ नेहमीच एचपीव्हीच्या दीर्घकाळ टिकलेल्या संसर्गातून होतो. हा विषाणू अनेक जणींना कधी ना कधी गाठतो आणि बहुतेकींच्या शरीरातून एक-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. थोड्याच जणींत तो ठाण मांडतो, आणि तिथूनही कर्करोग व्हायला बहुधा दहा-पंधरा वर्षं लागतात. म्हणून तिशीनंतर विषाणू नसेल तर पुढची काही वर्षं निर्धास्त राहता येतं. असेल तर पुढची तपासणी करून, बिघडलेला भाग छोट्या उपचाराने काढता येतो. पिशवी काढावी लागत नाही. त्या अभ्यासात चाचणी झालेल्यांपैकी दहातल्या सुमारे नऊ जणींमध्ये विषाणू सापडला नव्हता. आणि ज्यांच्यात सापडला, त्यांनाही कर्करोग होता असं नाही.

आता हे ज्ञान त्या फाइलशेजारी ठेवून पाहा. अंगावरून पांढरं जाणं म्हणजे कर्करोग नव्हे. सोनोग्राफीत एचपीव्ही दिसत नाही. ‘पिशवीला सूज’ हे कर्करोगाचं निदान नाही. आणि गर्भपिशवीसोबत अंडाशयही कमी वयात काढली तर हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो. फार मोठी गाठ, न थांबणारा रक्तस्राव, खरोखर झालेला कर्करोग अशा कारणांसाठी पिशवी काढावी लागते, यात वाद नाही. पण बीडच्या ऊसतोड महिलांच्या प्रश्नावर २०१९ मध्ये नेमलेल्या राज्य समितीसमोर १३ हजारांहून अधिक बायकांची पिशवी काढल्याचं आलं, तेव्हा त्या सगळ्यांनाच तसं कारण होतं असं कोण म्हणेल? एका दिवसाचा खाडा पडला तरी मजुरी कापली जाणाऱ्या बाईला पाळीची कटकट कायमची जावी असं वाटतं. त्यात कॅन्सरचा शब्द पडला की तिचा निर्णय झालाच. जिथे चाचणी पोहोचत नाही तिथे भीती विकली जाते.

मग चाचणी का पोहोचत नाही? जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली. सर्वसाधारण स्त्रियांनी ३० व्या वर्षापासून ती दर ५ ते १० वर्षांनी करावी, असं सुचवलं. आपल्या देशातल्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचना मात्र ॲसेटिक ॲसिड लावून पाहण्याच्या पद्धतीवर बेतलेल्या आहेत. आणि तीही कितीजणींना मिळते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी गर्भाशयमुखाची कधीतरी तपासणी झालेल्या १.९ टक्के निघाल्या. शंभरात दोनही नाहीत. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार या कर्करोगाने भारतात वर्षाला जवळपास ८० हजार स्त्रिया मरतात.

स्वस्त पद्धतीची बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटा स्मारक केंद्राने केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी ॲसेटिक ॲसिडची तपासणी केली तेव्हा मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही पद्धत टाकाऊ नाही. पण तिचं यश तपासणाऱ्याच्या नजरेवर आणि पुन्हा पुन्हा भेट होण्यावर अवलंबून असतं. धाराशिवच्या अभ्यासात या तपासणीत निर्दोष ठरलेल्या स्त्रियांमध्ये पुढे कर्करोग होण्याचं प्रमाण, एचपीव्ही नसलेल्या स्त्रियांच्या चौपटीहून अधिक होतं. जी बाई पुढच्या हंगामात कोणत्या कारखान्यावर असेल हे मुकादमालाच ठाऊक, तिच्यासाठी एकदाच करायची पण भरवशाची चाचणी बरी.

तिचा खर्च आणि प्रयोगशाळा या अडचणी खऱ्या आहेत, पण १९९९ इतक्या अवघड राहिलेल्या नाहीत. क्षयरोगाच्या निदानासाठी अनेक सरकारी रुग्णालयांत आलेल्या ट्रूनॅटसारख्या देशी यंत्रांवर एचपीव्हीची चाचणीही करता येते. नमुना स्त्री स्वतःच, आडोशाला, कापसाच्या काडीने घेऊ शकते आणि जागतिक आरोग्य संघटनेला ही पद्धत मान्य आहे. कोपीत राहणाऱ्या, टेबलावर झोपून तपासून घ्यायला संकोचणाऱ्या बाईसाठी हा फार मोठा फरक आहे. टोळी इथे चार-पाच महिने असते. नमुना, अहवाल आणि गरज असेल तर उपचार, सगळं एका हंगामात बसतं. आशाताई, आरोग्य केंद्र आणि कारखाना यांनी ठरवलं तर तिशी ओलांडलेल्या एकेका बाईला गाठता येईल. अंथुर्णे, लासुर्णे, बेलवाडीच्या आमच्या आयाबहिणींनाही त्याच रांगेत उभं करता येईल. त्यांचीही तपासणी झालेली नाहीच. मात्र एक अट आहे. ज्यांच्यात विषाणू सापडेल त्यांच्या उपचाराची सोय आधी हवी, मगच नमुने घ्यावेत. नाहीतर आपणही भीतीच वाटू.

याला मी उपकार मानत नाही, परतफेड मानतो. धाराशिवच्या त्या चौथ्या गटातल्या ३१ हजारांवर स्त्रियांना चाचणीशिवाय ठेवलं, यावर नंतर कडक टीका झाली. देशात तपासणीची सोयच नव्हती, नेहमीची परिस्थिती तीच होती, असं उत्तर संशोधकांनी दिलं. तुलनेसाठी गट लागतो, हे मला डॉक्टर म्हणून कळतं. त्या गटातल्या ६४ जणी गेल्या, हेही मला दिसतं. अशा संशोधनाचं समर्थन एकाच गोष्टीने होऊ शकतं. मिळालेलं उत्तर आधी त्याच लोकांच्या दारात गेलं पाहिजे. २००९ पासून ते गेलेलं नाही.

लशीचीही गोष्ट अशीच. एचपीव्ही लशीचे दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहणारा अभ्यास २००९ मध्ये देशात सुरू झाला, त्यात बार्शी आणि पुणे ही केंद्रं होती. आंध्र आणि गुजरातमधल्या एका वेगळ्या प्रकल्पातल्या मुलींच्या मृत्यूंमुळे आणि संमतीतल्या ढिसाळपणामुळे गदारोळ झाला आणि २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवलं. त्यामुळे हजारो मुलींना एकच डोस मिळाला. त्यांचा पाठपुरावा चालूच राहिला आणि एक डोसही उत्तम संरक्षण देतो असं आढळलं. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला, त्यामागच्या पुराव्यात या मुली आहेत.

धोरण बदलायला वेळ लागेल. तोवर वाचकांनी एवढं करावं. संबंधानंतर, दोन पाळ्यांच्या मध्ये किंवा पाळी गेल्यावर रक्त जात असेल तर अंगावर काढू नये. तिशी ओलांडली असेल तर त्रास नसतानाही एचपीव्ही चाचणीबद्दल डॉक्टरांना विचारावं. आणि कॅन्सरच्या नावाने कोणी पिशवी काढायला सांगितली, तर एकच प्रश्न करावा: कोणती तपासणी केली, आणि तिचा कागद कुठे आहे?

भूमच्या त्या बाईने जाताना मला विचारलं होतं, ‘‘मग ती तपासणी हितं हुते का?’’ मी नाही म्हणालो. यंदाचा हंगाम जवळ येतोय. ती पुन्हा आली तर हेच उत्तर देण्याची वेळ येऊ नये.