निराश प्रेक्षक आणि पडद्याचे मालक

दिवसभराचे काम आटोपून घरी परतलेला कामगार, कारकून किंवा शिक्षक रात्री टेलिव्हिजनसमोर बसतो, तेव्हा त्याची अपेक्षा फार मोठी नसते. दोन घटका करमणूक व्हावी, आणि जमलेच तर आपल्या जगण्याची थोडीफार ओळख पडद्यावर पटावी, एवढेच त्याला हवे असते. संच बंद करताना मात्र त्याच्या तोंडून बहुधा एकच उद्गार निघतो : "पाहण्यासारखे काही उरलेच नाही!" चित्रपटगृहातून बायकामुलांसह बाहेर पडणाऱ्याची तक्रारही हीच असते, फरक इतकाच, की त्याचा खिसाही रिकामा झालेला असतो. मुंबई असो, कोलकाता असो की चेन्नई, भाषा बदलते, तक्रार बदलत नाही.

या तक्रारीची वासलात लावण्याच्या दोन रीती रूढ झाल्या आहेत. निर्माते म्हणतात, लोकांना जे आवडते तेच आम्ही देतो. सुशिक्षितांपैकी काही जण म्हणतात, लोकांची अभिरुचीच बिघडली आहे. वरवर पाहता ही मते एकमेकांविरुद्ध दिसतात. परंतु दोहोंतही सारा दोष प्रेक्षकाच्याच पदरी पडतो आणि पडद्याचा मालक कोण, हा प्रश्न अलगद बाजूला राहतो. या प्रश्नाला हात घातल्यावाचून प्रेक्षकाच्या निराशेचा उलगडा होणे शक्य नाही.

विकला जातो तो प्रेक्षक

खाजगी वाहिनीच्या धंद्याचे स्वरूप प्रथम ध्यानात घेतले पाहिजे. ही वाहिनी प्रेक्षकाला मालिका विकते, असा सर्वसाधारण समज आहे. वस्तुतः ती जाहिरातदाराला प्रेक्षक विकत असते. मालिका हे त्याला संचासमोर खिळवून ठेवण्याचे साधन होय. देशातील सुमारे एकवीस कोटी घरांत टेलिव्हिजन संच आहेत, आणि त्यांच्या आवडीनिवडीचा हिशेब पन्नास-साठ हजार घरांत बसविलेल्या मापनयंत्रांवरून मांडला जातो. त्या आकड्यांच्या आठवडी चढउतारावर कथानके वळतात, मेलेली पात्रे जिवंत होतात आणि सरळ चाललेले संसार मोडतात. मालिकेला शेवट नसतो, कारण शेवट झाला की विक्री थांबते.

'क्यों कि सास भी कभी बहू थी' ही मालिका २००० साली सुरू झाली आणि २००८ पर्यंत तिचे अठराशेहून अधिक भाग झाले. तिच्या साच्यातून पुढे कितीतरी मालिका निघाल्या आणि मराठीसह सर्व भाषांतील वाहिन्यांनी तो साचा उचलला. प्रशस्त बंगला, दागिन्यांनी मढलेल्या स्त्रिया आणि घराण्याच्या मालकीचा 'बिझनेस' हे त्याचे ठरलेले सामान होय. त्या धंद्यात कोण राबते, त्यांना मजुरी किती मिळते, ही संपत्ती आली कोठून, याचा उल्लेख चुकूनही होत नाही. स्त्रीचे सारे शत्रू स्त्रियाच असतात. हुंडा, मालमत्तेचा हक्क आणि बाहेरच्या कामाची मजुरी हे प्रश्न तिच्या आयुष्यात जणू नाहीतच. जुलै २०२५ मध्ये तीच मालिका नव्याने पडद्यावर आणण्यात आली. पंचवीस वर्षांनंतर जुनाच माल नव्या वेष्टनात विकावा लागतो, याहून या धंद्याच्या कल्पनादारिद्र्याचा बोलका पुरावा कोणता?

हे माध्यम जात्याच असे आहे, हा युक्तिवाद मात्र टिकणारा नाही. १९७५-७६ मध्ये उपग्रहाच्या साहाय्याने सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत टेलिव्हिजन पोहोचविण्यात आला होता. त्याच सुमारास गुजरातच्या खेडा जिल्ह्यात पीज येथील प्रक्षेपकावरून जातिभेद, शेतमजुरी आणि सावकारी यांसारख्या विषयांवरील कार्यक्रम व नाट्यमालिका गावकऱ्यांच्या सहभागाने तयार होत; पुढे हा प्रयोग गुंडाळण्यात आला. १९८४ साली दूरदर्शनवर आलेल्या 'हम लोग' मालिकेचे नायक तुटपुंज्या कमाईत घर चालविणारे कुटुंब होते. १९८६ च्या 'नुक्कड'मध्ये रस्त्याच्या कोपऱ्यावर जमणारी कष्टकरी माणसे होती. १९८८ साली भीष्म साहनींच्या कादंबरीवरील 'तमस'ने फाळणीच्या दंगलीमागचे हात दाखविले, आणि तिच्या प्रक्षेपणाविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. त्या काळचे दूरदर्शन सरकारचे ताबेदार होते, हे विसरण्याचे कारण नाही. 'हम लोग'च्या पाठीशीही जाहिरातदारच उभा होता आणि आजच्या व्यवस्थेचे बी तेथेच रुजले. तरीसुद्धा सार्वजनिक मालकीत जी जागा लढून मिळविता येत होती, ती खाजगी मक्तेदारीत उरलेली नाही.

तिकिटाच्या दाराशी

चित्रपटगृहांची कथा याहून निराळी नाही. लोअर परळच्या फीनिक्स मिलमध्ये एके काळी सूत निघत असे. आज तेथे मॉल आहे आणि त्यात मल्टिप्लेक्स आहे. १९८२ च्या ऐतिहासिक संपात उतरलेल्या सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांपैकी किती जणांची मुले-नातवंडे तेथील तिकीट काढू शकतात? एकशेचाळीस कोटींच्या या देशात जेमतेम दहा हजारांच्या आसपास पडदे आहेत. एकपडदा चित्रपटगृहे गावोगाव बंद पडत आहेत. दोन सर्वांत मोठ्या मल्टिप्लेक्स कंपन्या २०२३ साली एक झाल्या आणि सतराशेच्या आसपास पडदे एकाच हाती आले. नोव्हेंबर २०२४ मध्ये रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम-व्यवसायांचे विलीनीकरण होऊन सुमारे सत्तर हजार कोटी रुपयांची महाकाय कंपनी उभी राहिली. वाहिन्या, खेळांचे प्रक्षेपण आणि मोबाईलवरील मंच या सर्वांवर तिची पकड आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये कर्नाटक सरकारने कर वगळून तिकिटाची कमाल किंमत दोनशे रुपये ठरविली. मल्टिप्लेक्सवाले तत्काळ न्यायालयात गेले आणि त्याच महिन्यात उच्च न्यायालयाने या नियमाला अंतरिम स्थगिती दिली. सामान्य माणसाला परवडेल असा दर ठरविणे हाच ज्यांना आपल्या हक्कावर घाला वाटतो, त्यांनी लोकांच्या आवडीनिवडीची भाषा बोलावी, हा दांभिकपणा होय!

ज्याला दाराबाहेर ठेवले, त्याचे जीवनही मग पडद्याबाहेर जाते. २०२०-२१ मध्ये दिल्लीच्या सीमांवर शेतकरी वर्षभर ठाण मांडून बसले आणि तीन कायदे मागे घेण्यास त्यांनी सरकारला भाग पाडले. एवढ्या मोठ्या घटनेचा मागमूस बड्या हिंदी चित्रपटांत सापडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत शेकडो मैल पायी चाललेल्या मजुरांची कथा 'होमबाउंड'सारखा एखादाच चित्रपट सांगतो, आणि तोही सेन्सॉरची काटछाट सोसून २०२५ साली पडद्यावर येतो. बाकी सर्वत्र बंदुका आहेत, रक्त आहे आणि कायदा धाब्यावर बसवून न्याय वाटणारा पोलीस नायक आहे.

करमाफी कोणाला, कात्री कोणाला?

बाजारपेठेच्या जोडीला राज्यसत्ता उभी राहिली की काय होते, हे अलीकडच्या दोन उदाहरणांवरून स्पष्ट होईल. 'द केरला स्टोरी' या चित्रपटाच्या प्रसिद्धीत केरळमधील बत्तीस हजार स्त्रियांच्या धर्मांतराचा आकडा मिरविण्यात आला. या आकड्याला अधिकृत आधार नाही, असा खुलासा चित्रपटासोबत दाखविण्याचे निर्मात्याला मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य करावे लागले. तरीही मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेश सरकारांनी त्याला करमाफी दिली, आणि २०२५ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्याच्या दिग्दर्शकाला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा मान देण्यात आला. याउलट 'संतोष' हा चित्रपट एका दलित मुलीच्या हत्येच्या तपासातून पोलिसी अत्याचार आणि जातीय द्वेष उघड करतो. २०२४ साली कान महोत्सवात दाखविला गेलेला हा चित्रपट सेन्सॉर मंडळाच्या जाचक अटींमुळे २०२५ साली भारतीय चित्रपटगृहांत येऊ शकला नाही.

अशा निर्णयाविरुद्ध दाद मागण्यासाठी असलेले चित्रपट अपील न्यायाधिकरण एप्रिल २०२१ मध्ये मोडीत काढण्यात आले. आता निर्मात्याला थेट उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. फिल्म्स डिव्हिजन, राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय, बालचित्र समिती आणि चित्रपट महोत्सव संचालनालय या संस्था राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन करण्याचा निर्णय डिसेंबर २०२० मध्ये झाला. चित्रपट जतन करणे आणि मुलांसाठी चित्रपट काढणे ही नफ्याची कामे नव्हेत, म्हणूनच ती सार्वजनिक संस्थांकडे होती. आणीबाणीत 'किस्सा कुर्सी का' या चित्रपटाच्या प्रती नष्ट करण्यात आल्या होत्या. आता प्रती जाळण्याची गरज पडत नाही. कात्री, करमाफी आणि पुरस्कार यांवर काम भागते.

पडद्यामागचे श्रम

रोज एक भाग तयार करणाऱ्या मालिकांत बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात आणि मोबदला तीन-तीन महिन्यांनी हाती पडतो. थकलेले वेतन आणि कामाचे तास या प्रश्नांवर मुंबईतील चित्रपट व मालिका कामगारांनी ऑक्टोबर २००८ मध्ये संप करून चित्रीकरण बंद पाडले होते. लेखी कराराची हमी देणारा सिने-कामगार कायदा १९८१ साली झाला. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू केलेल्या कामगार संहितांनी तो पोटात घेतला. मल्याळी चित्रपटसृष्टीतील स्त्रियांच्या शोषणाची चौकशी करणाऱ्या हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये तयार झाला, पण तो लोकांसमोर यायला ऑगस्ट २०२४ उजाडले. केरळातील डाव्या सरकारच्या काळातच हा विलंब झाला, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. ज्या उद्योगात कामगाराला विचार करायला उसंत नाही आणि स्त्रीला सुरक्षितता नाही, त्याच्याकडून माणसाच्या प्रतिष्ठेची कथा अपेक्षिणे व्यर्थ होय.

प्रेक्षक संघटित झाला तर

तथापि निराशेतून नुसता संच बंद करणे हा मार्ग नव्हे. १९७६ साली गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि श्याम बेनेगल यांचा 'मंथन' तयार झाला. चित्रपटाचा विषयही त्यांचाच होता : दुधाचा भाव, जातीची उतरंड आणि सहकारी संस्थेसाठीचा झगडा. तो पाहण्यासाठी शेतकरी ट्रक भरभरून शहरात आले. २०२४ साली त्याची नव्याने दुरुस्त केलेली प्रत कान येथे आणि देशातील चित्रपटगृहांत दाखविण्यात आली. केरळात जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव लोकवर्गणी जमवून १९८६ साली 'अम्मा अरियान' पुरा केला. त्याच राज्यात चित्रपट विकास महामंडळ आज स्त्री दिग्दर्शकांना आणि अनुसूचित जाती-जमातींतील दिग्दर्शकांना निर्मितीसाठी भांडवल पुरविते. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने स्वतःच्या मालकीचा प्रदर्शन-मंचही सुरू केला. हे प्रयत्न लहान आहेत, अपुरे आहेत. पण प्रेक्षकाची अभिरुची बिघडली आहे, या आरोपाला ते सज्जड उत्तर आहेत.

म्हणून मागण्या निश्चित असल्या पाहिजेत. तिकिटाच्या दरावर कमाल मर्यादा हवी. तालुक्याच्या गावी सार्वजनिक मालकीची स्वस्त चित्रपटगृहे हवीत. दूरदर्शन सरकारी प्रचारातून मुक्त होऊन तेथे स्वतंत्र लेखक-दिग्दर्शकांना वाव मिळाला पाहिजे. अपील न्यायाधिकरण पुन्हा स्थापन झाले पाहिजे. आठ तासांचा दिवस आणि वेळेवर वेतन यांपासून कोणताही स्टुडिओ सुटता कामा नये. कामगार संघटना, महिला संघटना आणि विद्यार्थ्यांच्या फिल्म सोसायट्या यांनी या मागण्या आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतल्या पाहिजेत; वस्तीत, युनियनच्या कचेरीत, महाविद्यालयाच्या सभागृहात चांगले चित्रपट दाखवून त्यांवर चर्चा घडविली पाहिजे.

"पाहण्यासारखे काही उरले नाही" असे म्हणणाऱ्या प्रेक्षकाला आपल्याला काय पाहायचे आहे, हे नेमके ठाऊक असते. ते त्याने एकट्याने घरात पुटपुटण्याऐवजी चौघांत बसून मोठ्याने सांगावे. दोन-दोन रुपये जमवून शेतकऱ्यांनी एकदा ते सांगितले होते.