दृष्टी लाभली, हुकूम कोणाचा?

देशाच्या विद्युतजाळ्याला अद्ययावत निरीक्षणयंत्रणेची जोड मिळत आहे. तिच्यावरील खर्च अनाठायी आहे असे आम्ही म्हणणार नाही. मात्र यंत्रे बसली की अंधार टळला, असा जो भाबडा समज रूढ होऊ पाहत आहे, त्याला २०१२ सालच्या जुलैतील दोन दिवसांचा दाखला देणे अगत्याचे आहे.

त्या वर्षी ३० जुलैला मध्यरात्र उलटल्यावर अडीचच्या सुमारास उत्तर भारताचे जाळे कोसळले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी उत्तर, पूर्व व ईशान्य अशी तिन्ही जाळी बंद पडली. सुमारे ६० कोटी लोकांच्या प्रदेशातली वीज गेली. दोन्ही दिवशी आरंभ एकाच ठिकाणी झाला. बीना ते ग्वाल्हेर या ४०० किलोव्होल्टच्या वाहिनीवर. तिची तार तुटली नव्हती. इतर कित्येक वाहिन्या बंद असल्याने तिच्यावर एवढा भार आला, की संरक्षक यंत्रणेने त्या भारालाच बिघाड समजून वाहिनी तोडली! पश्चिमेचे जाळे तगले, म्हणून गोमंतकाला त्या अंधाराची झळ लागली नाही.

हे संकट कोणाला दिसलेच नव्हते काय? तसे मुळीच नाही. उत्तरेकडील राज्ये ठरल्या वाट्याहून अधिक वीज ओढत आहेत हे प्रादेशिक भारप्रेषण केंद्राला दिसत होते. भार कमी करा, असे निरोपही गेले होते. राज्यांनी त्यांना पुरेशी दाद दिली नाही, असे चौकशी समितीनेच नमूद केले आहे. असा हुकूम मोडणाऱ्यास २००३ च्या वीज कायद्याने सांगितलेला दंड होता फार तर १५ लाख रुपये. मतदारांच्या घरचे दिवे तेवते ठेवू पाहणाऱ्या राज्याला ही रक्कम ती काय?

त्यानंतर पॉवर ग्रिडने हजाराहून अधिक फेझर मापन यंत्रे बसविली. जुनी पद्धत काही सेकंदांनी एकदा आकडे पाठवी. ही यंत्रे उपग्रहाशी घड्याळ जुळवून सेकंदाला २५ नोंदी धाडतात. जोडीतला एक बैल पुढे ओढू लागला की जू तिरके होते. दूरच्या दोन उपकेंद्रांमधील तसा तिरकेपणा आता तत्काळ कळतो. २०१३ च्या अखेरीस रायचूर-सोलापूर वाहिनीने दक्षिण जोडली गेली आणि सारा देश एकाच जुवाखाली आला, तेव्हा ही सोय हवीच होती.

पण २८ एप्रिल २०२५ रोजी स्पेन व पोर्तुगालमधील वीज अवघ्या काही सेकंदांत गेली. तेवढ्या अवधीत निरोप पाठवून तो पाळला जाणे अशक्यच. तेथे उपयोगी पडते ती आपोआप कृती करणारी यंत्रणा. भार आपोआप तोडणारी रिले यंत्रे २०१२ साली आपल्याकडेही होती. उत्तरेत त्यांनी अपेक्षित काम केले नाही.

गोव्यात मोठे वीजनिर्मिती केंद्र नाही. आपली वीज कोरबा, विंध्याचल, रामगुंडम अशा दूरच्या ठिकाणांहून येते. इतरांच्या बेशिस्तीची झळ आपल्याला अधिक, म्हणून आपले घरही नीट असावयास हवे. घरोघरच्या स्मार्ट मीटरांची चर्चा येथे पुष्कळ होते. परंतु ते मीटर बिलासाठी, जाळे सावरण्यासाठी नव्हेत. या राज्यातील भार तोडणाऱ्या रिले यंत्रांची शेवटची चाचणी केव्हा झाली आणि तिचा निकाल काय लागला, हे वीज खात्याने येत्या पावसाळ्यापूर्वी प्रसिद्ध करावे.