हिरवा रंग उशिरा बोलतो

इंदूरहून एका वाचक भगिनींचं पत्र आलं आहे. यजमानांनी हौसेनं अडीच फुटी काचपेटी आणली, तीत पाणवनस्पती लावल्या, छोटा सिलिंडर बसवून कर्बवायू सोडायला सुरुवात केली आणि ते फिरतीवर निघून गेले. आता पेटी ताईंच्या गळ्यात. ‘पानांवर मोत्यांसारखे बुडबुडे दिसायला हवेत म्हणे, ते काही दिसत नाहीत. गॅस वाढवू का?’ असं त्या विचारतात.

ताई, आज तरी वाढवू नका. आमच्या घरी काय झालं ते आधी ऐका.

आमच्या पेटीत रोटाला मॅक्रान्ड्रा नावाची तांबडी वनस्पती आहे. मूळची आपल्याच दक्षिण भारतातली, पण नखरेल. भरपूर उजेड आणि भरपूर कर्बवायू मिळाला नाही तर रुसते. तिची पानं फिकट पडू लागली म्हणून एका शनिवारी सकाळी मी सिलिंडरची चावी किंचित सैल केली. काचेला आतून चिकटवलेल्या ड्रॉप चेकरकडे पंधरा मिनिटांनी पाहिलं, तर रंग निळाच. निळा म्हणजे गॅस कमी. आणखी थोडी सैल केली. पुन्हा निळा. तिसऱ्यांदा चावी फिरवली आणि आम्ही सगळे मुंजीला निघून गेलो.

चारला परतलो तेव्हा चेकर पिवळाधमक झाला होता. नऊ निऑन टेट्रा तळाशी पडले होते, उरलेले मासे पृष्ठभागाशी तोंडं उघडून धापा टाकत होते. चौथीतली आमची लेक दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘बाबा, तो रंग खोटं बोलला का?’

रंग खोटं बोलला नव्हता, उशिरा बोलला होता. ड्रॉप चेकर म्हणजे उलटी टांगलेली काचेची छोटी कुपी. आत रंगद्रव्य घातलेलं थोडं पाणी, त्याच्या आणि पेटीतल्या पाण्याच्या मध्ये हवेचा कप्पा. पेटीतला वायू आधी त्या हवेत यायचा, मग कुपीतल्या पाण्यात विरघळायचा, मग रंग पालटायचा. यात दीड-दोन तास सहज जातात. म्हणजे दहा वाजता दिसणारा रंग आठ वाजताची बातमी सांगत असतो. चावी एकदा फिरवली की त्या दिवशी पुन्हा हात लावायचा नाही, हा आमच्या घरचा आता कायदा आहे.

कुपीतलं पाणी कोणतं, यालाही महत्त्व आहे. पुष्कळ जण पेटीतलंच पाणी भरतात. ते चुकतं, कारण सामू, म्हणजे पीएच, नुसत्या कर्बवायूनं ठरत नाही. पाण्यातले कार्बोनेट क्षार, ज्याला दुकानदार केएच म्हणतात, तेही त्यात भाग घेतात. केएच ४ असेल आणि सामू ६.६, तर लिटरमागे सुमारे ३० मिलिग्रॅम कर्बवायू निघतो आणि वनस्पतींना तेवढा पुरतो. पण केएच १२ असलेल्या बोअरच्या पाण्यात तोच ६.६ सामू दिसला, तर गॅस ९० मिलिग्रॅमच्या घरात गेलेला असतो आणि मासे वाचणं कठीण. मुंबईत तलावांचं मऊ पाणी येतं, तिथल्या मित्राचा आकडा बोअरच्या पाण्याला लावू नका. पेटीत लाकडाचा ओंडका असेल तर त्याचं आम्लही सामू उतरवतं आणि हिशेब आणखी बिघडतो.

म्हणून कुपीत मोजून केलेलं केएच ४ चं पाणी घालायचं. ते विकत मिळतं, घरीही होतं. एक लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १.२ ग्रॅम खायचा सोडा विरघळवा. (बेकिंग पावडर नव्हे, धुण्याचा सोडा तर मुळीच नव्हे.) त्यातलं १०० मिलिलिटर घेऊन ९०० मिलिलिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळा. स्वयंपाकघरातल्या काट्यावर १.२ ग्रॅम कळत नाही, मी ओळखीच्या सोनाराकडे वजन करून घेतलं. तो अजून हसतो. त्यात ब्रोमोथायमॉल ब्लूचे दोन-तीन थेंब टाकले की झालं. निळा असेल तर गॅस कमी, हिरवा असेल तर बेताचा, पिवळा झाला तर धोका.

माशांना नेमकं काय होतं? त्यांच्या रक्तातला कर्बवायू कल्ल्यांतून पाण्यात जातो. पाण्यातच तो जास्त झाला की बाहेर पडायला वाव राहत नाही, रक्त आम्ल होतं आणि त्याची प्राणवायू धरण्याची ताकद घटते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा गुदमरतो. अशा वेळी गॅस बंद करा, हवेचा पंप लावा आणि क्लोरिन काढलेल्या पाण्यानं तिसरा हिस्सा पाणी बदला. आमचे उरलेले मासे त्यानंच वाचले.

रात्री तर गॅस हवाच कशाला? अंधारात वनस्पती तो घेत नाहीत, उलट सोडतात. दिवा लागण्याआधी दोन तास गॅस सुरू, दिवा विझण्याआधी तासभर बंद, हे काम टायमरवर टाकावं. साखर आणि यीस्टची बाटली वापरणाऱ्यांना ती सोय नाही, कारण यीस्ट रात्रीही जागंच असतं. त्यांनी रात्री हवेचा पंप चालू ठेवावा, आणि बाटलीची नळी कधी चिमटू नये, बाटली फुटते.

राहिले ते मोती. ते प्राणवायूचे असतात, आणि उजेड व खत कमी असेल तर गॅस कितीही सोडा, ते दिसत नाहीत. पाणी बदलल्यावर पानांना जे बुडबुडे चिकटतात, ते नळाच्या पाण्यातल्या हवेचे. त्यांना भुलू नका. ताई, तुमच्या पेटीत नुसती व्हॅलिस्नेरिया आणि जावा फर्न असेल, तर सिलिंडर बंद ठेवला तरी चालेल. पुढच्या पत्रात वनस्पतींची नावं लिहा, आणि सकाळी आठ, दुपारी बारा व संध्याकाळी सहाला कुपीचा रंग कोणता होता, तेही.