ह्या वयात कॉमिक्स?

परवा जेवणाच्या सुट्टीत टेबलाच्या खणात धरून 'रमन' वाचत होतो. साहेब मागे येऊन उभे राहिले. "ह्या वयात कॉमिक्स?" म्हणाले आणि कीव करत निघून गेले. साहेबांपुढे तोंड उघडण्याची आमची रीत नाही, म्हणून इथे भांडतो.

अहो, ह्याच वयात! चाचा चौधरी 1971 साली 'लोटपोट'मध्ये आणणारे प्राण 2014 साली गेले, तेव्हा 'मुलांचा चित्रकार गेला' म्हणून लोक हळहळले आणि मोकळे झाले. मला हे साफ नामंजूर आहे. ह्या गृहस्थाने पाटीपेन्सिलीपासून पेन्शनपर्यंत माणसाचं सर्व्हिस बुक भरून ठेवलंय.

पिंकी पाच वर्षांची. शेजारच्या झपटजींना मदत करायला जाते आणि नुकसान करून येते, तेही निर्मळ मनाने. मग बिल्लू. केस डोळ्यांवर, डोळे कुणाला दिसतच नाहीत. त्या वयात आपल्याला तरी पुढचं कुठे दिसत असतं? जोझीभोवती घोटाळायचं आणि तिच्या कर्नल बापाला भ्यायचं. आमच्या गल्लीतही हेच चालायचं. फक्त तिथला बाप पोस्टात होता.

रमन मात्र मी तेव्हा न वाचताच परत करायचो. एक कारकून, त्याची बायको कमली, ऑफिस. ह्यात वाचायचं काय? पुढे बी.कॉम. झालो, बँकेत चिकटलो, लग्न झालं, आणि एका महिनाअखेरीला दूधवाल्याचा हिशेब मांडताना ध्यानात आलं, की आपण त्याच पुस्तकात राहायला आलोय!

तो अमेरिकन सुपरमॅन 1938 पासून उडतोय. एक केस पिकला नाही. त्याचे सिनेमे टाय बांधलेले लोक तिकीट काढून बघतात, त्यांना कुणी बालिश म्हणत नाही. आमचा रमन साहेबांची बोलणी खातो, तो पोरखेळ!

चाचांचं कौतुक सगळे करतात. संगणकाहून वेगवान मेंदू वगैरे. पण साहेब, चाचांच्या पाठीशी गुरू ग्रहावरून आलेला साबू आहे. आमच्या पाठीशी प्रॉव्हिडंट फंड.

असो. संध्याकाळी निघताना खण उघडला, तर 'रमन' गायब. साहेबांच्या केबिनचं दार लोटलेलं होतं. आत पंखा चालू होता.