मजबुरी म्हणण्याआधी

बी.ई. झालेल्या मुलाला अमेरिकेतल्या विद्यापीठातून एम.एस.चं प्रवेशपत्र आलं की मोहल्ल्यात पेढे वाटले जातात. फीच्या आकड्याची चर्चा मात्र आतल्या खोलीत होते. कर्ज काढायचं का, व्याज चालेल का, मौलाना काय म्हणतात? शेवटी ‘मजबुरी आहे’ म्हणून सही होते.

मला त्या मजबुरीबद्दल बोलायचं आहे. व्याज जायज की नाजायज हे सांगणं माझं काम नाही. पण मजबुरी म्हणण्याआधी बाकीचे दरवाजे ठोठावलेले असावेत, आणि कॉम्प्युटर सायन्समध्ये ते बरेच आहेत.

‘गेट’च्या गुणांवर आयआयटीत एम.टेक.ला प्रवेश मिळाला, तर दरमहा १२,४०० रुपये विद्यावेतन मिळतं. आयआयटी मद्रासमध्ये संशोधनावर आधारित एम.एस. आहे, बंगळुरूच्या आयआयएस्सीतही संशोधनाचं एम.टेक. आहे. अमेरिकेत तर गंमतच आहे. ज्या विभागात एम.एस.चा विद्यार्थी बहुधा स्वतःच्या खिशातून फी भरतो, तिथेच पीएच.डी.वाल्याला सहसा फी माफ असते आणि शिकवण्याच्या किंवा संशोधनाच्या कामाचं मानधनही मिळतं. त्यासाठी आधी एम.एस. झालेलं असणं अनेक ठिकाणी सक्तीचं नाही. हे आपल्या किती मुलांना ठाऊक असतं? अर्थात पाच-सहा वर्षं जातात. ज्याला लवकर नोकरी हवी आहे त्याने त्या वाटेला जाऊ नये.

त्याऐवजी आपण क्रमवारी बघतो. ‘यू.एस. न्यूज’ची कॉम्प्युटर सायन्सची क्रमवारी तर विभागप्रमुखांसारख्या जाणकारांच्या मतांवर बेतलेली असते. नाव आधी मोठं होतं म्हणून पुढेही मोठं राहतं. कोणते प्राध्यापक कुठल्या परिषदांत शोधनिबंध मांडतात, हे मोजणारं ‘सीएसरँकिंग्ज’ निदान विषयानुसार बघता येतं. पण खर्च कोण करणार, हे तेही सांगत नाही.

सरकारने हात काढून घेतला, ही तक्रार खरी आहे. परदेशी शिकणाऱ्या अल्पसंख्याक मुलांच्या कर्जावरचं शिक्षणकाळातलं व्याज भरणारी ‘पढो परदेश’ योजना आणि मौलाना आझाद फेलोशिप, दोन्ही २०२२-२३पासून बंद झाल्या. त्याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण यंदा अर्ज भरणाऱ्या मुलाला त्या बोलण्याची फळं मिळायची नाहीत.

मुलींसाठी हा हिशेब आणखी महत्त्वाचा. ‘लग्नाचा खर्च आहे, वर तुझं कर्ज कसं काढू?’ हे ऐकणाऱ्या मुलीच्या हातात विद्यावेतनाचं पत्र असेल, तर घरातला निम्मा वाद तिथेच संपतो. उरलेला निम्मा वसतिगृहाचा. त्यासाठी तिथे आधीपासून शिकणाऱ्या एखाद्या मुलीचा फोन नंबर मिळवून तो अम्मीच्या हाती द्यावा.