सत्यवतीशिवाय ब्योमकेश नाही

बंगाली कथांतल्या ब्योमकेश बक्षी या गुप्तहेराचा विषय निघाला की मराठी घरांत वाद फार वेळ टिकत नाही. ‘दूरदर्शनवरच्या रजित कपूरसारखा दुसरा झाला नाही, कारण त्याने पुस्तकातला ब्योमकेश जसाच्या तसा उभा केला,’ असा निकाल कोणीतरी देते आणि बाकीचे माना डोलावतात. त्याच निकालाला जोडून दुसरा येतो: दिबाकर बॅनर्जींचा २०१५चा चित्रपट मूळ कथांशी बेइमान होता, म्हणून तो टाकाऊ. पहिल्या निकालात रजित कपूरला मिळालेला पहिला क्रमांक मला मान्य आहे, त्यामागचे कारण मान्य नाही. दुसऱ्यात चित्रपट अर्धा फसला हे मान्य आहे, पण तो का फसला याचे उत्तर साफ चुकीचे आहे. चुकीच्या कारणाने दिलेला बरोबर निकाल निरुपद्रवी नसतो. पुढचे प्रत्येक रूपांतर त्याच खोट्या मापाने मोजले जाते.

आधी ‘जसाच्या तसा’ हा दावा तपासू. शरदिंदु बंद्योपाध्यायांनी १९३२मध्ये ब्योमकेश लिहायला घेतला आणि शेवटच्या काही कथा सोडल्या तर सगळे काही अजितच्या तोंडून सांगितले. अजित हा भाबडा, साहित्यप्रेमी, मित्रावर जीव टाकणारा माणूस. आपल्याला ब्योमकेश दिसतो तो अजितला दिसेल तेवढाच. अजित चुकीच्या माणसावर संशय घेतो तेव्हा वाचकही घेतो. बासू चॅटर्जींच्या मालिकेत के. के. रैनांचा अजित फार सुंदर आहे, पण तो आपल्याला गोष्ट सांगत नाही, तो आपल्यासमोर बसलेला आहे. कॅमेऱ्याने त्याची जागा घेतली आणि कथांच्या रचनेतली सर्वांत मोठी गोष्ट तिथेच बदलली. शिवाय भाषा हिंदी झाली. मूळ कथांची साधुभाषा, म्हणजे जुन्या लिखित बंगालीचे ते संथ, घडीव वळण, हिंदी संवादांत उतरणे शक्यच नव्हते. कथानक आणि पात्रे जागच्या जागी राहिली एवढ्यावरून ‘जसाच्या तसा’ म्हणायचे असेल, तर आपण शरदिंदुंच्या लेखनाला फक्त कथानक समजतो आहोत.

दुसरा दावा बंगालमधून येतो आणि आपल्याकडचे काही जाणकारही तो आदराने मान्य करतात: ब्योमकेश बंगालीतच व्हावा, कोलकात्याच्याच माणसाने करावा. या दाव्याला उत्तर खुद्द लेखकाच्या चरित्रात आहे. शरदिंदुंचा जन्म १८९९चा, जौनपूरचा. १९३८मध्ये ते पटकथा लिहायला मुंबईत, बॉम्बे टॉकीजमध्ये आले. सिनेमाच्या त्या सगळ्या काळात, जवळपास पंधरा वर्षे, त्यांनी ब्योमकेशची एकही कथा लिहिली नाही. १९५१च्या अखेरीस ‘चित्रचोर’ने ब्योमकेश परत आला, १९५२मध्ये शरदिंदु सिनेमा सोडून पुण्यात स्थायिक झाले आणि १९७०मध्ये मृत्यू येईपर्यंत महाराष्ट्रातच राहिले. म्हणजे नंतरच्या कथांतले कोलकाता, त्या गल्ल्या, ते दमट उन्हाळे, हे सारे बरेचसे पुण्यात बसून लिहिलेले आहे. ‘शैलरहस्य’मध्ये तर ब्योमकेश पुण्याच्या कामावरून महाबळेश्वरला जातो आणि ऐन थंडीत ओस पडलेल्या हॉटेलातून अजितला पत्र लिहितो. शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या पोरावर शरदिंदुंनी बंगाली मुलांसाठी कथा लिहिल्या, त्याही इथल्याच मुक्कामाचे फळ. जो लेखक स्वतः हजारभर मैलांवरून कोलकाता उभे करत होता, त्याच्या नायकाला कोलकात्याच्या पत्त्याशी बांधून ठेवण्याचा हक्क कोणालाच नाही.

तिसरा दावा सर्वांत वजनदार, कारण त्यामागे सत्यजित रे हे नाव आहे. ‘चिडियाखाना’ (१९६७) रेंनी केला, ब्योमकेश उत्तमकुमार होता, रेंना त्या वर्षीचा उत्कृष्ट दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. उत्तमकुमारला जो अभिनयाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, त्यातही या भूमिकेचा वाटा होता. म्हणून हा श्रेष्ठ ब्योमकेश, असे म्हणतात. पुरस्कारांची यादी वाचून रूपांतराचा दर्जा ठरत नाही, आणि स्वतः रे या चित्रपटावर कधी खूश नव्हते. मूळ कादंबरी सुरू होते तेव्हा ब्योमकेशची बायको सत्यवती घरी नाही. भाऊ सुकुमार तिला आणि मुलाला घेऊन दार्जिलिंगला गेला आहे, आणि ब्योमकेश-अजित हॅरिसन रोडवरच्या बिऱ्हाडात उन्हाळ्याने भाजून निघत आहेत. घरधनीण नसलेल्या घराची ती पोकळी पहिल्याच ओळींत जाणवते. चित्रपटात सत्यवती नाही आणि तिची उणीवही नाही. ब्योमकेशच्या सोबतीला पाळीव साप आहे. ब्योमकेश जपानी माणसाचे सोंग घेऊन, गुन्हा घडतो त्या गुलाब कॉलनीत जातो. हा माणूस मला ब्योमकेशपेक्षा रेंच्याच गुप्तहेराच्या, फेलूदाच्या, जवळचा वाटतो, आणि ते स्वाभाविकही आहे: फेलूदाची पहिली कथा रेंनी दोनच वर्षे आधी, १९६५मध्ये लिहिली होती. फेलूदाच्या जगात बायका-संसार नाही आणि तिथे तो नसणे शोभते. तीच मोकळीक ब्योमकेशला दिली की त्याचा कणाच काढून घेतला जातो.

इथवर खोडून काढले. आता माझे माप सांगतो.

ब्योमकेशला ‘बंगालचा शेरलॉक होम्स’ म्हणणाऱ्यांनी त्याचे सर्वांत अधिक नुकसान केले आहे. शरदिंदुंना डॉयल प्रिय होता यात शंका नाही, मित्र-निवेदकाची युक्तीही तिथलीच. पण होम्स हा संसाराबाहेरचा माणूस आहे. त्याचे व्हायोलिन, त्याची कोकेनची सुई, त्याची माणसांपासूनची तुटलेपणाची ऐट हीच त्याची ओळख. ब्योमकेशकडे अशी एकही विक्षिप्त खूण नाही. तो धोतर नेसतो, वर्तमानपत्र वाचतो, नोकर पुंटीरामला चहा करायला सांगतो. ‘अर्थमनर्थम्’मध्ये खुनाचा संशय आलेल्या भावाला वाचवायला एक सावळी, धीट मुलगी त्याच्याकडे येते. ती सत्यवती. तो तिच्याशी लग्न करतो, आणि गुप्तहेरकथेच्या साऱ्या रिवाजाविरुद्ध ते लग्न पुढच्या कथांत टिकते, जुने होते, त्यात रुसवे-फुगवे येतात. ‘चित्रचोर’मध्ये तो मोठ्या आजारातून उठून हवापालटाला गेलेला आहे आणि सत्यवती त्याच्या पथ्यपाण्यावर कडक पहारा ठेवते आहे. ‘दुर्गरहस्य’मध्ये ती गरोदर आहे. पुढे मुलगा होतो. अजित आणि ब्योमकेश पुस्तकांच्या प्रकाशनाच्या धंद्यात पडतात, कोलकात्यात केयातल्याला स्वतःचे घर होते. १९४६च्या दंगली, १९४७चे स्वातंत्र्य, काळा बाजार हे सगळे त्याच्या दारावरून जाते, आणि तो म्हातारा होत जातो.

गुप्तहेरकथेत हा संसाराचा पसारा कशाला, असे विचारणारे भेटतात. ज्या काही कथांत ब्योमकेश गुन्हेगाराला ओळखूनही पोलिसांच्या हवाली करत नाही, त्या कथा त्यांनी वाचाव्यात. कायद्याला काय हवे आणि न्याय कशात आहे, यांतली फारकत तो ज्या खात्रीने ओळखतो, ती खात्री कोडी सोडवून येत नाही. ती बायको-मुलांत, शेजाऱ्यांत, मेसमधल्या भाडेकऱ्यांत राहिलेल्या माणसाची आहे. त्याच्याकडे येणारे गुन्हेही बहुतेक घरातलेच: मृत्युपत्र, पुतणे, दत्तक मुलगा, दुसरेपणाची बायको, लपवलेले प्रेम. घर आतून ठाऊक असलेला माणूसच घरातला गुन्हा ओळखतो. म्हणून पडद्यावरच्या कोणत्याही ब्योमकेशला मी एकच प्रश्न विचारतो: याला घर आहे का?

या मापाने बासू चॅटर्जींची मालिका पहिली ठरते. १९९३मध्ये आणि पुन्हा १९९७मध्ये दूरदर्शनवर आलेल्या त्या भागांचे नेपथ्य काटकसरीचे होते, काही दुय्यम नट कच्चे होते, हे झाकायचे कारण नाही. पण दिग्दर्शक ‘रजनीगंधा’ आणि ‘छोटी सी बात’चा होता. मध्यमवर्गीय खोलीत माणसे कशी बसतात, कुठे थांबतात, काय बोलायचे टाळतात, हे त्यांच्याइतके थोड्यांना कळत होते. ‘मकड़ी का रस’ हा भाग आठवा. त्यात खून नाही. कोळ्याच्या विषाची चटक लागलेला एक श्रीमंत म्हातारा, कडेकोट पहारा, आणि तरी ते विष त्याच्यापर्यंत पोहोचते कसे, एवढाच प्रश्न. तपासाला अजित जातो, ब्योमकेश घरात बसून ऐकतो. रजित कपूरची सगळी थोरवी त्या ऐकण्यात आहे. तो आवाज चढवत नाही, बुद्धीचे प्रदर्शन मांडत नाही, समोरच्याला बोलू देतो. आणि सुकन्या कुलकर्णींची सत्यवती ही शोभेची नायिका नाही. ती नवऱ्याला टोकते, दोघा मित्रांच्या गप्पांत शिरते, तिच्या असण्याने ती खोली बिऱ्हाड होते. मराठी प्रेक्षकांनी या भूमिकेचे पुरेसे कौतुक केलेले नाही, ही माझी तक्रार आहे.

आता २०१५चा चित्रपट. दिबाकर बॅनर्जींनी कथानक बदलले हा गुन्हा नव्हे. उलट सुशांतसिंह राजपूतचा तो नवखा, चुकणारा, मार खाणारा तरुण ब्योमकेश हा मला धाडसी आणि खरा वाटतो, कारण शरदिंदुंच्या पहिल्या कथांच्या आधी असा तरुण असणारच. ट्रामचे कोलकाता, युद्धकाळातले भोंगे, सायरनखालचा अंधार, हे कसबाचे काम आहे. घोटाळा दुसरीकडे आहे. मूळ ‘सत्यान्वेषी’त मेसमधले कोकेन, एका मोहल्ल्यातले खून आणि अजितच्या खोलीत नाव बदलून राहायला आलेला एक तरुण एवढेच आहे. त्यांची मैत्री एका खोलीत दोन खाटा टाकून सुरू होते. चित्रपटाने या मोहल्ल्यावर चिनी टोळी, जपानी आक्रमण आणि शहराचे भवितव्य लादले. गुन्हा घराबाहेर गेला, जगाएवढा झाला, आणि ब्योमकेशला जे कळते त्याचा उपयोगच उरला नाही. सत्यवती थोड्या प्रसंगांपुरती येते. बेइमानी झाली ती आकाराशी, कथानकाशी नव्हे.

बंगाली चित्रपटांची रांग मोठी आहे, त्यातले थोडेच सांगण्यासारखे. अंजन दत्त यांच्या २०१०पासूनच्या चित्रपटांत आबीर चटर्जीचा ब्योमकेश रुबाबदार आहे, थोडा जास्तच. अरिंदम शील यांनी ‘वह्नि-पतंग’ ही पाटण्याची कथा ‘हर हर ब्योमकेश’मध्ये काशीला नेली. घाट डोळ्यांत भरतात, पण ती एका हवेलीच्या आतल्या बाजूची कथा होती. ऋतुपर्ण घोषांचा ‘सत्यान्वेषी’ त्यांच्या मृत्यूनंतर, २०१३मध्ये प्रदर्शित झाला. त्यातला ब्योमकेश शांत आहे, चित्रपट मात्र अपुरा वाटतो. २०२३मध्ये ‘दुर्गरहस्य’ची दोन रूपांतरे एकाच वर्षी आली, यावरून मागणी कळते, गरज कळत नाही.

दुसरा क्रमांक मी देतो तो शैबाल मित्रांच्या ‘शजारुर काँटा’ला (२०१५). त्यांनी काळ बदलला आणि ब्योमकेश म्हणून सत्तरीच्या घरातले धृतिमान चटर्जी घेतले. कथा वरवर साळिंदराच्या काट्याने होणाऱ्या खुनांची, आतून एका न जुळलेल्या लग्नाची. ते लग्न समजून घेणारा माणूस वयस्क आणि संसार केलेला असावा लागतो. धृतिमान तसे दिसतात, तसे बोलतात. कथानकाशी इमान मोजणाऱ्यांच्या हिशेबात हा चित्रपट बसत नाही, माझ्या हिशेबात तो रेंच्या कितीतरी पुढे आहे.

३२ पूर्ण कथांपैकी तरुण, देखण्या ब्योमकेशच्या कथा पडद्याने पुन्हा पुन्हा वापरल्या. पन्नाशी उलटलेला, मुलगा वाढलेला, केयातल्याच्या घरात राहणारा ब्योमकेश जवळपास तसाच पडून आहे. यापुढे जो कोणी हा नायक हाती घेईल, मग तो मुंबईचा असो, कोलकात्याचा असो की पुण्याचा, त्याने नटाचा चेहरा शोधण्याआधी सत्यवती कोण करणार ते ठरवावे.