पत सावरली, आता पुन्हा कार्ड घ्यावे काय?

बल्लारपूरच्या कागद कारखान्यालगतच्या वस्तीत राहणारा एक साथी परवा एक प्रश्न घेऊन आला. तो ठेकेदाराकडे काम करतो. २०२० च्या टाळेबंदीत त्याचे काम थांबले, त्यातच घरात आजारपण आले आणि क्रेडिट कार्डावर काढलेली रक्कम थकत गेली. पुढची चार वर्षे त्याने पोटाला चिमटा घेतला, पत्नीच्या शिवणकामाची मिळकत त्यात घातली आणि ते कर्ज पै न् पै फेडले. आज त्याचा पतगुणांक, ज्याला सारे गाव ‘सिबिल’ म्हणते, साडेसातशेच्या वर गेला आहे. आणि गुणांक सुधारतो न सुधारतो तोच दूरध्वनी सुरू झाले : ‘अभिनंदन! आपणांस नवे कार्ड मंजूर झाले आहे.’ साथीचा प्रश्न साधा होता. घ्यावे की न घ्यावे?

हा त्याचा खासगी प्रश्न आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. असे प्रश्न आज प्रत्येक वस्तीत विचारले जात आहेत आणि त्यांची उत्तरे फक्त बँकेचे विक्रेते देत आहेत. तेव्हा कार्यकर्त्याजवळ स्वतःचे, विचारपूर्वक काढलेले उत्तर असले पाहिजे.

प्रथम ही ‘पत’ म्हणजे काय ते नीट पाहू. एकेकाळी पत म्हणजे दुकानदाराने, शेजाऱ्याने, सहकाऱ्याने माणसावर ठेवलेला विश्वास. आज ती तीनशे ते नऊशे या दरम्यानचा एक आकडा झाली आहे. २००५ च्या कायद्यान्वये पतविषयक माहिती गोळा करणाऱ्या चार कंपन्या देशात काम करतात. सिबिल ही त्यांपैकी एक. हप्ते वेळेवर गेले की नाही, मंजूर मर्यादेपैकी किती रक्कम वापरली, कर्जखाती किती जुनी आहेत, नव्या कर्जासाठी किती ठिकाणी अर्ज केले, यावरून हा आकडा ठरतो. कामगाराचा पगार त्यात मोजला जात नाही. ठेकेदार पुढच्या महिन्यात कामावर ठेवील की नाही, हे त्यात दिसत नाही. मुलीच्या शिक्षणाचा खर्च, म्हाताऱ्या आईचे औषध यांचा त्यात कोठे पत्ता नसतो. म्हणून साडेसातशेचा आकडा एवढेच सांगतो की, या माणसाने आजवर परतफेड केली. नवे कर्ज त्याला झेपेल काय, हे तो आकडा सांगत नाही. बँकेचे अभिनंदन ऐकताना हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे.

आता हिशेब मांडू. कार्डावर थकलेल्या रकमेला महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागते. म्हणजे वर्षाला ४२ टक्के. शिवाय या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर. समजा, आजारपणात ४०,००० रुपये कार्डावर गेले. महिन्याचे व्याज १,४०० आणि त्यावरचा कर २५२, असे १,६५२ रुपये झाले. साथीने दरमहा २,००० रुपये भरले तर पहिल्या महिन्यात मुद्दलातून फिटतात फक्त ३४८. नवी खरेदी एका पैशाची केली नाही तरी हे कर्ज फिटावयास त्रेचाळीस महिन्यांहून अधिक काळ लागेल आणि एकूण सुमारे ८६,००० रुपये भरावे लागतील. हेच ४०,००० पतसंस्थेकडून वर्षाला १२ टक्क्यांनी घेतले आणि तेवढाच हप्ता भरला, तर तेवीस महिन्यांत सारे संपते आणि एकूण भरणा पंचेचाळीस हजारांच्या आत राहतो. माणूस तोच, गरज तीच, हप्ता तोच. फरक चाळीस हजारांहून अधिक!

या हिशेबाकडे पाहिले की आपल्याच प्रांताचा इतिहास आठवतो. १८७५ साली पुणे-नगर भागातील शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. त्या उठावानंतर सरकारला १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा करावा लागला. व्याज मुद्दलापेक्षा वाढू नये, हा दामदुपटीचा दंडक तर त्याहूनही जुना. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्यानेही तो मानला आणि त्याखाली परवानाधारक सावकारास बिगरशेतकरी ऋणकोकडून विनातारण कर्जावर वर्षाला १८ टक्क्यांची मर्यादा घातली गेली. बँका मात्र या कायद्याच्या बाहेर आहेत. कार्डावर ३० टक्क्यांहून अधिक व्याज घेणे ही अनुचित व्यापारी प्रथा होय, असा निर्णय राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २००८ साली दिला होता. सर्वोच्च न्यायालयाने २० डिसेंबर २०२४ रोजी तो रद्द केला. व्याजाचे धोरण ठरविणे हा रिझर्व्ह बँकेचा प्रांत आहे, असे न्यायालयाने म्हटले. परिणाम काय? परवान्याच्या सावकाराला १८ टक्क्यांवर थांबावे लागते आणि वातानुकूलित कार्यालयातील सावकार ४२ टक्के घेऊनही प्रतिष्ठित राहतो.

याची दुसरी बाजू सांगितली नाही तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. आपले तरुण साथी म्हणतात की, कार्ड हे केवळ साधन आहे. महिन्याचे बिल पुरते भरले तर पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी पैसा वापरावयास मिळतो. आणि परतफेडीची नोंद चालू राहिली तरच उद्या घरासाठी स्वस्त कर्ज मिळेल. हे म्हणणे खोटे नाही. पण त्यातला ‘तर’ फार मोठा आहे. ज्याचा पगार ठरल्या तारखेला होतो, त्याला ही शिस्त पाळता येते. ज्याचा पगार ठेकेदाराच्या बिलावर अवलंबून आहे, त्याचा एक महिना चुकला की बिनव्याजी सवलत जाते आणि उरलेल्या रकमेवरच नव्हे, तर नव्या खरेदीवरही व्याज चढू लागते. हा अनियमितपणा त्याच्या स्वभावातला दोष नव्हे. तो त्याच्या नोकरीचा दोष आहे. आणि परतफेडीच्या नोंदीचेच म्हणाल, तर पतसंस्थेचे वा बँकेचे लहान कर्ज नियमित फेडूनही ती होते, मात्र त्या संस्थेने पतमाहिती कंपन्यांना नोंदी कळविल्या पाहिजेत. कर्ज घेण्यापूर्वी एवढे विचारून घ्यावे.

मग साथीला आम्ही काय सांगितले? तीन गोष्टी सांगितल्या. पहिली : तीन महिन्यांचा घरखर्च शिल्लक पडल्याशिवाय नवे कार्ड घेऊ नये. आजारपणासाठी कार्ड हवे, असे ज्याला वाटते, त्याला खरे तर शिल्लक हवी असते. आणि नेमका तोच माणूस कार्डाचे बिल पुरते भरू शकत नाही. दुसरी : शिल्लक पडल्यावरही कार्ड घ्यावयाचेच असेल तर एकच घ्यावे आणि तेही स्वतःच्या मुदत ठेवीच्या तारणावर. तेथे मर्यादा ठेवीच्या आत राहते. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्शापलीकडे खर्च जाऊ देऊ नये, रोख रक्कम तर कधीच काढू नये. कारण रोख रकमेवर पहिल्या दिवसापासून व्याज चढते. तिसरी : चार बँकांकडे एकदम अर्ज करू नये. प्रत्येक अर्जाची चौकशी नोंदली जाते आणि कष्टाने वर आणलेला आकडा पुन्हा खाली येतो.

याबरोबरच हक्कही माहीत हवेत. रिझर्व्ह बँकेच्या निर्देशांनुसार न मागता कार्ड देण्यास मनाई आहे. कार्ड बंद करण्याची विनंती, बाकी नसल्यास, सात कामकाजाच्या दिवसांत पुरी केली नाही तर बँकेला दररोज ५०० रुपये दंड द्यावा लागतो. प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो. फेडलेले कर्ज अजून थकीत दिसत असेल तर तक्रार करावी. तीस दिवसांत निवारण न झाल्यास दिवसाला १०० रुपये भरपाईची तरतूद आहे.

पण एवढ्यावर आपले काम संपत नाही. ज्या बल्लारपूर इंडस्ट्रीज कंपनीने या गावाचे नाव देशभर नेले, ती स्वतः जानेवारी २०२० मध्ये दिवाळखोरी संहितेखाली कंपनी न्यायाधिकरणापुढे आली आणि २०२३ मध्ये तिच्यासाठीची निराकरण योजना मंजूर झाली. अशा प्रक्रियेत धनको तोटा सोसतात आणि नवा मालक कोऱ्या पाटीने आरंभ करतो. कारखाने जगावेत, कामगारांची चूल पेटावी, म्हणून ते योग्य असेलही. मात्र त्याच २०१६ च्या संहितेतील व्यक्तींविषयीचा भाग कंपन्यांना हमी देणाऱ्यांपुरताच अंमलात आला. सामान्य कामगाराला त्याचा लाभ नाही. त्याने बँकेशी तडजोड करून कमी रक्कम भरली, तर त्याच्या नावापुढे ‘सेटल्ड’ हा शिक्का वर्षानुवर्षे राहतो. कंपनीला कोरी पाटी आणि कामगाराला डाग, हा न्याय कोठला?

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट असाव्यात. कार्डाच्या व्याजाला कायद्याने कमाल मर्यादा घाला. लहान ऋणकोसाठी दिवाळखोरीची सुलभ व्यवस्था अंमलात आणा. आणि तिसरी मागणी आपण आपल्याच माणसांकडे करावयाची आहे : पगारदारांच्या पतसंस्थांची दारे कंत्राटी कामगारांना उघडा. कायम कामगाराला १२ टक्क्यांनी कर्ज आणि त्याच यंत्रावर काम करणाऱ्या कंत्राटी भावाला कार्डाचे ४२ टक्के, ही विषमता आपल्या सहकाराच्या अंगणातली आहे. ती दूर करण्यासाठी दिल्लीच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण नाही. उपविधी बदलण्याचा ठराव पुढच्या सर्वसाधारण सभेत मांडता येतो.

साथीने त्या दूरध्वनीला नकार कळविला आहे आणि महिन्याला हजार रुपयांचे आवर्ती ठेवखाते उघडले आहे. त्याने चार वर्षे उपास काढून पत मिळविली ती बँकेला नवे गिऱ्हाईक मिळावे म्हणून नव्हे. ती त्याच्या घामाची मिळकत आहे. ती कोठे वापरावयाची हे त्यानेच ठरवावे. आणि त्याचा हा निर्णय टिकेल की नाही, हे पुढच्या आजारपणात त्याच्या पाठीशी किती जण उभे राहतात, यावर ठरणार आहे.